मान हलवली, ती त्याला दिसलीच नाही

जिवलीबाई, खरं सांगा, शिकायचं नाही असं तुमची चंद्री स्वतःच्या तोंडाने बोलली, की तुम्हीच ठरवलंत? — अहो, उठू नका, चहा टाकलाय. पुस्तकं ठेवा तिथे खुर्चीवर. एवढ्या लांबून, बारवी धरणाकडून इथे बेलवलीला आलात ते काय पुस्तकं परत द्यायला? आमचे हे, म्हणजे तिचे सर, घरी नाहीत, उल्हासनगरला कॉलेजात गेलेत, म्हणून तर मोकळेपणाने बोलते.

उद्यापासून ती एमआयडीसीत लागणार म्हणता. औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायला. वाईट नाही हो काम, माझ्या नणंदेची मुलगी तेच करते अंबरनाथला. पण कॉलेज सुटलं कशामुळे? त्या कॉम्प्युटरमुळे. आणि तो वर्गात आणला कोणी? आमच्या ह्यांनीच. दोन वर्षं डोकं खाल्लं माझं — वृंदा, मी यंत्राला थोडी अक्कल देतोय, मुलगा कुठे अडला ते त्यालाच कळेल, तिथून ते पुढे शिकवेल. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात म्हणे त्याला. मी म्हटलं, द्या बाई, घरात वापरून उरली असेल तर द्या. — हसा, हसा, तेही हसले होते.

तर त्या दिवशी चंद्री बसली त्याच्यापुढे. धडा पडद्यावर आला, खाली विचारलं, समजलं का? आणि मग म्हणे एकेक पायरी खाली, खाली, करत पार पाचवीचे भागाकार आले, आणि मागची पोरं फिदीफिदी हसली — शास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी, तिला भागाकार. उठली ती आणि गेली. सरांना वाटलं, पोर कच्ची आहे. तुम्हालाही तेच वाटलं ना? सगळ्यांनाच वाटलं.

आता मला कसं कळलं ते ऐका. मी बसले ना त्याच्यापुढे. रविवारी, कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. हे म्हणाले, कुणीतरी नवखं माणूस बसवून बघायचंय. मग काय, मीच. मॅट्रिक झाले आणि लग्न झालं, माझ्याहून नवखं कोण मिळणार? त्याने विचारलं, समजलं का? मी मान हलवली. त्याने परत विचारलं. मी परत हलवली, जरा मोठ्याने हो पण म्हटलं. आणि बघता बघता मला त्याने तिसरीच्या पाढ्यांवर नेऊन बसवलं. — हो हो, मला, ह्या वयात. हे पोट धरून हसले. मग खुर्ची ओढून जवळ बसले. म्हणाले, चंद्रीने काय केलं असेल तेव्हा?

काय करणार? तुमच्याकडे काय, आमच्याकडे काय, मोठं माणूस शिकवत असताना पोरगी मधे बोलते का? समजलं का विचारलं की मान खाली घालून हलवते. तेच उत्तर. वर्गात सरांना ते दिसायचं, म्हणून इतके दिवस काही बिघडलं नाही. ह्याला डोळे कुठे आहेत, कान कुठे आहेत? ह्याला फक्त दाबलेली कळ कळते. त्याला वाटलं, पोरीला काही येत नाही. तिला वाटलं, आपण हो म्हणतोय, तरी आपल्याला खाली का ढकलतोय.

आता सुधारलंय त्यांनी. कळ दाबली नाही तर ते खाली नेत नाही, थांबतं. लिहून विचारतं, अजून वेळ हवाय का? ते वाक्य मी सुचवलं. — नाही, सांगणार नव्हते, निघून गेलं तोंडातून.

आणि आता निघालंच आहे तर हेही ऐका. त्या रविवारनंतर मी दर रविवारी जाते. ह्यांच्या तपासण्या झाल्या कधीच, माझंच मन भरत नाही. मुक्त विद्यापीठात नाव घालावं म्हणते, त्याचे वर्ग ह्यांच्याच कॉलेजात भरतात. शेजारीपाजारी कुणाला माहीत नाही. पण एकटीने त्या मुलांमधे जाऊन बसायचं म्हणजे दारातूनच परत फिरावंसं वाटतं हो. बरोबर चंद्री असती तर — बघा, मी तुमच्या पोरीसाठी बोलायला बसले आणि आपलंच मागायला लागले. रागावू नका. मला तिची गरज आहे, हे खरं आहे. तिच्या भल्याचं आहे, हेही खरंच आहे.

काहीतरी बोला ना, जिवलीबाई. — नुसती मान काय हलवता? हो म्हणून की नाही म्हणून? थांबा, चहा तरी — अहो, पुस्तकं परत उचललीत? बरं. या. संभाळून जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्री पाकिटं भरायला गेली नाही. पुस्तकं छातीशी धरून ती आमच्या दारात आली, मी चपला घातल्या आणि आम्ही दोघी कॉलेजला गेलो.