चाकू मिटल्याचा आवाज

धाकटा — सगळे चाकू परत आलेत, दादा. खोक्यासकट. दोरीसुद्धा तीच आहे, तू बांधलेली.

थोरला — दोरी सोडून बघितली तरी का त्या दुकानदाराने?

धाकटा — बघितली की. जे विकले होते ते गिऱ्हाइकांनी परत आणून टाकले, म्हणून उरलेलेही त्याने माझ्याच गळ्यात मारले. चहासुद्धा विचारला नाही.

थोरला — पातं डावीकडे झुकतं म्हणून बोंबलत असेल. त्याला सांग, ते आमच्या वडिलांच्या वेळेपासून झुकतंय. तू जन्मायच्या आधीपासून.

धाकटा — पात्याबद्दल कोण काय म्हणतंय? आपला चाकू कसा आहे ते लोकांना पाठ झालंय. पातं डावीकडे झुकतं. पावसाळ्यात मूठ फुगते. लिंबू कापलं की पोलाद काळं पडतं. उजेडात धरला तर मुठीच्या फटीतून पलीकडचा माणूस दिसतो. आणि नवा घेतला की घरी नेऊन आधी दगडावर घासायचा, कारण धार लावून देणं आपल्याला कधी जमलंच नाही.

थोरला — जमलं नाही काय? ज्याची धार त्याने लावावी. ज्याला दोरी कापायचीय आणि ज्याला फळ कापायचंय, दोघांना एकच धार कशी चालेल?

धाकटा — हो, हे मी दुकानात सांगतो. तोंडपाठ. लोक हसतात आणि घेतात. स्वस्त आहे, खिशात मावतो, हरवला तर जीव जळत नाही. एवढ्यावर आपलं घर चाललं. पण हे वेगळं आहे, दादा. चाकू उघडत नाही.

थोरला — नखासाठी खाच दिलीय ना पात्यावर? त्यात नख घालायचं आणि ओढायचं.

धाकटा — माळ्याने ओढलं. पातं जागच्या जागी, नख उलटं झालं. फुलवाली दातांनी उघडते. चपला शिवणारा तर पक्कड घेऊन बसतो. मला म्हणाला, तुम्ही चाकूबरोबर पक्कड फुकट द्या.

थोरला — लोकांच्या बोटात जोरच राहिला नाही.

धाकटा — माळ्याच्या? त्याने हात दाबला तर तुझी किंकाळी निघेल. आणि मिटताना तर विचारू नकोस. उंदराच्या सापळ्यासारखा मिटतो. एक मास्तरीण पेन्सिलीला टोक काढत होती, मिटायला गेली, अंगठा कापून घेतला. टाके पडले. ती दुकानात येऊन हात दाखवून गेली. भांडली नाही. नुसता हात दाखवला आणि चाकू ठेवून गेली. त्यावर दुकानदार म्हणाला, अशी खेप पुन्हा आणू नकोस.

थोरला — एका दुकानाने काय होतंय?

धाकटा — हे शेवटचं होतं. बाकीच्यांनी उन्हाळ्यातच थांबवलं.

थोरला — आणि मला आत्ता सांगतोस?

धाकटा — तेव्हाच सांगितलं होतं. तू कानस चालवत होतास. मान हलवलीस.

थोरला — कानस चालू असताना कोणाला काय ऐकू येतं?

धाकटा — तेही खरं... हा दिवा बघ परत विझला. आला. मघाशीही असंच झालं. वायर सैल झालीय वाटतं, उद्या खोलून बघतो.

थोरला — राहू दे तो दिवा. त्याचं ठीक आहे. तू चाकूचं बोल.

धाकटा — चाकूचंच बोलतोय. मुठीच्या पाठीत जी पोलादी पट्टी आहे ना, जी पात्याला धरून ठेवते, ती जाड राहतेय. तू कमी घासतोयस.

थोरला — मी कमी घासतोय? मला शिकवतोस? वडील काय सांगायचे? पट्टी घासायची, चाकू मिटायचा, कान द्यायचा. दणका आला तर पट्टी जाड. फुसका आला तर पट्टी वाया. मधला एक ‘टक’ असतो. तो आला की कानस खाली ठेवायची. ना माप, ना काटा. त्या आवाजाशिवाय मी आजवर एक चाकू ह्या खोलीबाहेर सोडलेला नाही.

धाकटा — मग हल्ली काय झालं?

थोरला — काही नाही झालं. उलट हल्लीचं पोलाद चांगलंय. पूर्वी मरमर घासावं लागायचं, आता चार हात मारले की आवाज येतो. काम लवकर उरकतं. तूच मध्ये म्हणालास, दादा, तुझा हात चालायला लागला म्हणून.

धाकटा — म्हणालो होतो.

थोरला — मग.

धाकटा — दादा, एक काम कर. तोंड भिंतीकडे करून बस.

थोरला — मी काय शाळेतलं पोर आहे?

धाकटा — बस ना. हा माझ्या खिशातला चाकू, तूच केलेला, माझ्या लग्नाच्या आधीचा. मी मिटतो. आवाज आला की सांग.

थोरला — एवढंच ना? मिट.

(धाकटा त्याच्या पाठीमागे उभा राहून जुना चाकू मिटतो. उघडतो. पुन्हा मिटतो. मग खोक्यात हात घालतो.)

थोरला — मिट की. पोपडे मोजायला बसवलंस का मला? ह्या भिंतीला चुना मारायला हवा, किती वर्षं झाली... हां. आला. हा बघ. ह्याला म्हणतात टक. कळलं आता? असा चाकू कोण परत करतो? तू असा काय उभा आहेस? तोंड का पडलं?

धाकटा — तीनदा मिटला, दादा.

थोरला — काय तीनदा?

धाकटा — आधी दोनदा माझा जुना. तेव्हा तू पोपड्यांचं बोलत होतास. तुला जो ऐकू आला, तो ह्या खोक्यातला. ज्याने मास्तरणीचा अंगठा कापला, त्याचा भाऊ.

थोरला — सर्दी झालीय मला.

धाकटा — उन्हाळ्यापासून?

थोरला — बाहेर गाड्या किती आहेत बघ. आणि तू हळू मिटला असशील. मुद्दाम.

धाकटा — दादा.

थोरला — पुन्हा मिट. थांब, वळतो मी. आता मिट.

धाकटा — हे बघ. मिटला.

थोरला — हां. आला की.

धाकटा — तू हाताकडे बघत होतास.

थोरला — दे तो चाकू इकडे.

धाकटा — वहिनी, जरा इकडे येता का?

वहिनी — आलेच आहे. भिंतीकडे तोंड करून बसवलंत, तेव्हाच म्हटलं, आज निघतंय वाटतं.

धाकटा — तुम्हाला माहीत होतं?

वहिनी — भाऊजी, मी स्वयंपाकघरातून हाक मारते आणि हे येत नाहीत. घसा बसेपर्यंत ओरडून बघितलं. मग तिकडूनच ह्या दिव्याचं बटण दाबायला लागले. दिवा दोनदा गेला की हे जेवायला येतात. आज तर तुम्ही वायर खोलायला निघालात.

थोरला — जेवण झालंय का?

वहिनी — कधीच. निवलं.

धाकटा — तुम्ही कधी बोललात ह्याबद्दल? दोघं?

वहिनी — कशाला? ते मला म्हणाले नाहीत, मी त्यांना म्हणाले नाही. दिवा दाखवायला लागले, ते यायला लागले. ठरवायला कोणी बसलं नव्हतं.

धाकटा — अहो, पण धंदा बुडायला आला. मी रानोमाळ फिरतोय, लोकांच्या शिव्या खातोय. मला वाटलं, ह्याला आता आळस आलाय. बाहेर दुकानदारांपुढे ह्याची बाजू घेतो आणि घरी यायच्या वाटेवर मनातल्या मनात ह्याच्याशी भांडतो. एवढं एक वाक्य मला कोणी सांगितलं असतं तर?

वहिनी — सांगून काय केलं असतंत?

धाकटा — तयार पट्ट्या मिळतात. कारखान्याच्या. सगळ्या एकसारख्या, घासायला नको, ऐकायला नको. बसवायच्या आणि रिव्हेट ठोकायची. मी नमुना आणून ठेवलाय घरी.

थोरला — कधी आणलास?

धाकटा — आणलाय.

थोरला — म्हणजे हे तू आधीच ठरवलंयस.

धाकटा — ठरवलं असतं तर खिशातला जुना चाकू काढला असता का? सरळ पट्ट्याच टाकल्या असत्या पुढ्यात.

थोरला — मग मी काय करू? मुठींना तेल लावत बसू?

धाकटा — कान दाखव डॉक्टरला. मशीन देतात. छोटं असतं, दिसतही नाही.

थोरला — शेजारच्या काकांकडे आहे ते. म्हणतात, त्यात सगळंच येतं. ताटल्या, गाड्या, सुनेचं बोलणं. मला सगळं नकोय रे. मला तेवढा एकच आवाज हवाय.

धाकटा — एकच आवाज देणारं मशीन मी कुठून आणू?

थोरला — मला कळत होतं. अगदीच कळत नव्हतं असं नाही. एकदा बोटाला वाटलं, ही पट्टी जाड आहे. अंगठा सांगत होता. पण आवाज तर आला होता. म्हटलं, अंगठा म्हातारा झाला. कान खोटं सांगत असेल असं डोक्यातच आलं नाही.

वहिनी — मला आलं होतं.

थोरला — काय?

वहिनी — म्हटलं, मला आलं होतं. माझ्याकडे बघा, म्हणजे पुन्हा सांगायला नको. ही भिंत आणि ती चूल, मध्ये काय अंतर आहे? लग्न होऊन आले तेव्हापासून तो टक कानावर पडतोय. आधी डोकं उठायचं. मग सवय झाली. पोर त्या आवाजात झोपायचं, थांबला की रडायचं. तुमची पट्टी वाया गेली की मला भिंतीपलीकडून कळायचं, तुम्ही शिवी घालायच्या आधी. गेलं वर्षभर नुसते दणके ऐकतेय. रोज वाटायचं, आज घासतील थोडं अजून. तुम्ही कानस ठेवून द्यायचात.

थोरला — आणि तू गप्प बसलीस.

वहिनी — काय बोलणार होते? की उठा आता ह्या पाटावरून? तुम्ही कोणाचं ऐकून उठणाऱ्यातले आहात? भाऊजींनी परत आणलेलं खोकं दिसलं आणि मला बरं वाटलं. खरंच सांगते. म्हटलं, कोणीतरी म्हणेल आता. दमले होते मी.

धाकटा — मीही दमलोय, वहिनी.

वहिनी — दिसतंय. तोंड धुऊन या. मग जेवू.

थोरला — ह्या खोक्याचं काय करायचं?

धाकटा — पट्ट्या बदलू. मी उद्या जाऊन घेऊन येतो. तुला लगेच तेल लावत बसायला कोणी सांगत नाही.

थोरला — आण. काय करणार. आण.

वहिनी — आणा की उद्या. उद्या अजून यायचाय. आत्ता हे खोकं पुढ्यात आहे आणि कानसही आहे. सरका जरा.

थोरला — तू कुठे बसतेस? लोखंडाचा कीस आहे तिथे.

वहिनी — साडी झटकता येते. घ्या त्यातला एक. रिव्हेट काढायची असेल तर काढा, पट्टी घासा, पुन्हा बसवा आणि मिटा. मी ऐकते. चूक असेल तर मान हलवेन. बटण दाबायला उठणार नाही सारखी.

थोरला — तुला कळेल?

वहिनी — भिंत मध्ये असताना कळायचं.

धाकटा — वहिनी, असं किती दिवस चालेल?

वहिनी — मला काय माहीत? तुमच्या पट्ट्याही आणून ठेवा. ह्यांचा कान डॉक्टरलाही दाखवू. पण ज्या बाईचा अंगठा कापला तिला बरा चाकू नेऊन द्यायला हवा ना? तो तरी ह्यांच्या हातचा जाऊ दे.

थोरला — मिटतो. सांग.

वहिनी — नाही. दणका आहे.

थोरला — आता?

वहिनी — अजून. बरंच बाकी आहे. घासा.

थोरला — आता?

वहिनी — जवळ आलाय. हलका हात मारा. दोनच.

धाकटा — दादा, तुला स्वतःला काही ऐकू येतंय का?

थोरला — मघाचा आला होता. हा नाही आला. थांब, बोलू नकोस... हा मिटलाच नाही वाटतं नीट.

वहिनी — मिटला.

थोरला — कधी?

वहिनी — आत्ताच. हाच तो.

थोरला — मला काहीच नाही आलं गं.

वहिनी — मला आलं. ठेवा तो बाजूला. दुसरा घ्या.