निळी न झालेली नळी

ख्रोनिंगन शहरातला सायकल दुरुस्तीवाला कमालीचा आळशी. रांगेत तिष्ठणाऱ्या म्हाताऱ्या खेर्टयेच्या शेजारी, रांगेबाहेर, दोन विद्यार्थी भांडत होते.

“योरिट, थुंकीनं स्टार्च पचतो, हे दाखवायचं होतं ना?”

“हो, फेमके.”

“मग बिनथुंकीच्या नळीतला स्टार्च कसा पचला? आयोडीन टाकूनही निळी झाली नाही ती!”

“मी काय करू?”

“पिपेटमध्ये स्टार्च तोंडानं ओढलास ना, गाढवा? थुंकी गेली त्यात!”

“रबरी फुगा फाटला होता गं.”

“सक्त मनाई आहे! बाईंनी प्रयोगशाळेतून काढलं तुला?”

“नाही. सोमवारी पुन्हा करायचाय प्रयोग.”

खेर्टयेचा नंबर आला, पण पुढचं ऐकायचं म्हणून तिनं तो मागच्याला देऊन टाकला.

“नुसतं एवढंच म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘तुझी थुंकी तुझ्यापेक्षा नेमानं काम करते. सोमवारी तिलाच पाठव.’”