बाधा होती ती कानात

हॅलो?… हो रेवा, ताईच बोलतेय. अगं, आत्ताच आले पनवेलहून. देवापुढे साखर ठेवली आणि तुझाच फोन… नाही गं, वेडबीड काही नाही! कान!… कान, कान! ऐकू छान येतं. आतला तोल बिघडलाय.

हो, सगळं सांगितलं डॉक्टरांना. महिनाभर जग काचेपलीकडचं वाटतंय, हात माझे वाटत नाहीत. कल्पेश समोर जेवत असतो, पोटचा मुलगा, पण फोटोतून कापून बसवल्यासारखा… रडू नकोस, ऐक ना! देवाकडे पाहिलं तरी नुसतं पितळ दिसायचं. हे तुलाही नव्हतं बोलले. वाटलं, त्यानेच पाठ फिरवली.

ते म्हणाले, डोळे सांगतात घर जागेवर आहे, कान म्हणतो फिरतंय. दोघांचं जमेना, म्हणून मनाला सगळंच खोटं… हो, होतं म्हणे असं. मानेचे व्यायाम दिलेत.

मग विचारलं, रोज काय करता?… हसायचं नाही हं. विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये तुळस ग्रिलमध्ये, तिला प्रदक्षिणा कुठून घालणार? म्हणून चातुर्मासाचा नेम स्वतःभोवतीच… हो, एकवीस. डोळे मिटून!… हस, हस. डॉक्टरही हसले. म्हणाले, मावशी, कान आधीच रुसलाय आणि तुम्ही भोवरा होताय!

नेम कशाला मोडेन? धरून चाला म्हणाले, हळू, अनवाणी. येताना कमळाबाईंच्या अंगणात गेले, बिल्डिंगमागच्या त्यांच्या जुन्या घरापुढे वृंदावन आहे ना… त्या म्हणतात, ‘येवढे दिस का नाय आलीस चंद्रे? तुळस काय माझ्या एकटीची हाय?’

कट्ट्याला हात लावून चालले. पायाखाली ओलं सारवण, बोटांना गार, खरखरीत दगड… आणि रेवा, पाचव्या फेरीला तो दगड दगडासारखा लागला गं!… हो… हो. उभ्या उभ्या रडले.

बरं, गव्हाणच्या त्या भगताला सांग, गुरुवारी ताई येत नाही. बाधा नाही, उतरवायचं काही नाही… काय? कोंबडा आणून बांधलास?… अगंबाई, ऐकू आला की! पुन्हा धर बघू फोन त्याच्याजवळ…

अगदी खरा आरवतोय गं.

सोड त्याला आधी. ठेवते मी.