वसतिगृहाचा आयपी

—न्हाई, बिल भरायला न्हाई आले ओंकारभाऊ, वसतिगृहाचं नेट चांगलं चालतंय, तक्रार न्हाई कसली. दुसरंच विचारायचंय. तुमी आमच्या ऑफिसात ते दोन दांड्यांचं यंत्र बसवलंय ना—राउटर, व्हय—त्याच्यात राहतं का हो, कुठल्या मोबाईलनं किती वाजता नेट वापरलं ते? राहतं? ‘राहू शकतं’ म्हंजी काय, हाय का न्हाई एवढं सांगा. आमच्या संस्थेचे आप्पासाहेब उद्या तुमाला बोलावणार हाईत, तीच यादी काढायला. म्हणून मी आधी आले. जेवणाची सुट्टी हाय, अर्ध्या तासात परत टेबलावर दिसायला पायजे मी.

तक्रारीचं ऐकलं असंल तुमी. ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरी हाईत आमच्याकडं, सत्तेचाळीस, आणि त्यांच्या न्हाणीला दार न्हाई—हुतं, मोडलं, पोतं लावलंय. आणि आप्पासाहेबांचा भाचा तिथंच टाकीपाशी खुर्ची टाकून बसतो सकाळी, पाण्याचा हिशोब बघतो म्हणे. आठवीतली पूजा आठ दिवस अंघोळीला गेली न्हाई. अंगाला वास येतो म्हणून बाकीच्या पोरी हसायच्या, तरी न्हाई गेली. तर हे सगळं कुणीतरी सरकारच्या वेबसाईटवर टाकलं. नाव गुप्त ठेवा, असा चौकोन असतो तिथं, त्यात टिचकी मारून. आणि महिन्याभरात त्या तक्रारीचा कागद आप्पासाहेबांच्या हातात! कुणी दिला देव जाणे. नाव न्हाई त्यावर, पण खाली एक नंबर, आकडे आणि मधी टिंबं, कुठल्या नेटवरून पाठवलं त्याचा. आप्पासाहेबांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहिलं ‘माझा आयपी कोणता’—आणि तोच नंबर आला की हो. तसाच्या तसा. मी शेजारच्या टेबलावर, हजेरीचं रजिस्टर धरून. ‘घरातलाच हाय,’ म्हणाले.

मला वाटलं हुतं, मोबाईलमधली ती इन्कॉग्निटो का काय, काळी खिडकी उघडली की कुणाला काय दिसत न्हाई. ...न्हाई, म्हंजी माणसांना वाटतं तसं. —हसताय का? हसला न्हाईत? मग असं बघताय का?

बरं. मीच. मीच केली तक्रार. आता कळलंच तुमाला, तर सरळ सांगा, त्या काळ्या खिडकीनं काय लपतं मग? ...फक्त आपल्या मोबाईलमधली आठवण पुसली जाते. आणि नंबर तसाच जातो. म्हंजी मोठ्या दारातून तोंड बांधून बाहेर पडले, पण दार कुणाचं ते अख्ख्या गावाला दिसलं. नवीन ईमेल काढला, खोटं नाव घातलं, दोन दिवस शब्द बदलत बसले, आणि पाठवलं कुठून, तर त्यांच्याच नेटवरून! माझ्या मोबाईलचा दिवसाचा डेटा संपला हुता ओंकारभाऊ. एवढंच. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबले असते तर नंबर मोबाईल कंपनीचा गेला असता. पण पूजा त्या दिवशी जेवली पण न्हाई, मला थांबवंना.

ती यादी पुसा. पाया पडते. माझी नोकरीची ऑर्डर अकरा महिन्यांची हाय, आणि लग्नाची बोलणी चाललीत, पोराकडचे आप्पासाहेबांच्या पाहुण्यातलेच. एक शब्द गेला तर आई बाहेर तोंड काढायची न्हाई.

सहादेवमामांना काढलं, तेवढं बास न्हाई का? ...वॉचमन आमचे, तुमाला चहा आणून दिलेला त्यांनी. ते ऑफिसच्या खिडकीखाली बसून मोबाईलवर भजनं ऐकायचे, आमच्याच नेटवर. त्यांना साधा मेसेज लिहिता येत न्हाई हो, बोलून पाठवतात. पण आप्पासाहेबांनी विचारलं, नेट कोण कोण वापरतं, तर कुणीतरी त्यांचं नाव घेतलं.

कुणी म्हंजी... तिथं हुतं कोण दुसरं?

मला काय म्हायती असं हुईल! आप्पासाहेब माझ्या मोबाईलकडं बघत हुते, टेबलावर पडला हुता तो, आणि तोंडातून गेलं—‘सहादेवमामा बसतात कधीकधी खिडकीपाशी.’ खोटं न्हाई हो ते! बसतातच! एवढंच बोलले. त्यांना बोलावलं, कागद तोंडापुढं धरला. मामांनी दोन्ही हातांनी घेतला, उलटा धरला, आणि मलाच विचारलं, ‘ताई, आयपी म्हंजी काय वो?’ मी सांगितलं. मी, ओंकारभाऊ! म्हणाले, ‘आसंल मग.’ त्यांना वाटलं, भजनं ऐकली त्याचाच गुन्हा. संध्याकाळी ट्रंक घेऊन गेले. नात आमच्याच वसतिगृहात, सहावीत हाय, तिलाही काढलं. पोरीचे आईबाप कारखान्याच्या पल्याड फडात. ती आता तिकडंच जाणार, मोळ्या बांधायला.

म्हणून म्हणते, पुसा लवकर—

काय? परत सांगा.

परवा लाईट गेली तेव्हा? ...बंद पडून चालू झालं की सगळं जातं? तुमच्या त्या यंत्रात काहीच उरत न्हाई? आणि तुमच्या वरच्या नेट कंपनीकडं? ...कंपनीला फक्त वसतिगृह दिसतं. आतलं माणूस न्हाई.

म्हंजी आप्पासाहेबांना कधीच कळणार न्हाई. वाचले की मी. ...वाचले.

पण मग तक्रार मामांच्या मोबाईलवरून गेली न्हाई, हे तरी कशावरून दाखवायचं? ...न्हाई ना. कशावरूनच न्हाई. कुठल्या यंत्रात न्हाई, कुठल्या कंपनीत न्हाई. फक्त इथं. —डोकं दुखत न्हाई हो माझं, पाणी नको.

कोरा कागद हाय का तुमच्याकडं? कॉम्प्युटर नको, कागदच द्या. आणि पेन. नाव घालून लिहिते, हातानं, अक्षर ओळखतात माझं. तक्रार मी केली, मामांचा संबंध न्हाई, आणि न्हाणीला दार अजून बसवलेलं न्हाई. ‘मी, निकिता’—

काय झालं? दाराकडं का बघताय? ...हां. वसतिगृहाचं कनेक्शन तुमचं, आप्पासाहेबांच्या ओळखीची पंधरा गिऱ्हाईकं तुमची. इथं बसून लिहिलं असं कळायला नको. बरोबर हाय. तुमाला पण घर हाय.

बाहेर पायरीवर बसते. शटर ओढून घ्या तुमी.