तपकिरी पाणी

मी पाण्याचे फिल्टर विकायचं का सोडलं, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही राव. चाकणला एका चाळीत गेलो होतो. नवरा शिफ्टला गेलेला, बाई एकटीच घरात. कंपनीने शिकवल्याप्रमाणे तिच्याच माठातलं पाणी ग्लासात घेतलं, त्यात मशीनच्या सळ्या सोडल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात पाणी तपकिरी, गढूळ झालं. इथे गिऱ्हाईक घाबरतं, आणि घाबरलं की घेतं.

ही बाई मटकन खालीच बसली. म्हणाली, "हेच पाणी पाजलं मी त्याला?"

"कुणाला, ताई?"

"माझ्या बाळाला. मागच्या महिन्यात गेलं. जुलाब लागले होते."

मी तिला सगळं सांगून टाकलं. "ताई, ही आमची युक्ती आहे. करंट दिला की या लोखंडी सळ्यांचाच गंज पाण्यात उतरतो. तुमच्या पाण्याचा रंग नाही तो." माझ्या बाटलीतलं प्यायचं पाणी दुसऱ्या ग्लासात ओतून तेही तपकिरी करून दाखवलं.

तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिल्या ग्लासावरची नजर न काढता म्हणाली, "दादा, मला बरं वाटावं म्हणून खोटं नका बोलू."