हिल्डा क्रॅडॉकचे हात

या समारंभाच्या अध्यक्षा आणि मार्शगेट कला विद्यापीठाच्या कुलगुरू डॉ. मार्गो एल्फिक, मार्शगेट नगरीचे महापौर, नियामक मंडळाचे सन्माननीय सदस्य, आजचे सत्कारमूर्ती श्री. ऑब्री पेनफोल्ड, माझे आजी-माजी सहकारी, आणि जागा न मिळाल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले विद्यार्थी मित्रहो,

मी लेनर्ड ट्रिब. या विद्यापीठात चित्रपट-संकलन शिकवत मी सत्तावीस वर्षं काढली आणि त्याआधी टीव्हीसाठी फिल्म कापण्या-जोडण्याचं काम केलं. आजचं मानपत्र वाचण्याचा मान मला दिल्याबद्दल मी कुलगुरूंचा आभारी आहे. मानपत्र या इथे, माझ्या हातात आहे. कागद उत्तम आहे, अक्षर उत्तम आहे. कार्यालयाने फार मेहनत घेतलेली दिसते. त्यातलं एकच वाक्य आधी वाचतो. ‘ज्यांच्या दहा बोटांनी एका अख्ख्या पिढीला मातीवर प्रेम करायला शिकवलं, असे श्री. पेनफोल्ड...’

इथे मला थांबावं लागतं. या दहा बोटांना मी जवळून ओळखतो. दोन वर्षं माझ्या टेबलावर दुसरं काही नव्हतंच.

तरुण मुलांना कदाचित माहीत नसेल, पण पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी ‘रविवारची माती’ हा कार्यक्रम लागला की या देशातल्या निम्म्या घरांतला चहा निवून जायचा. श्री. पेनफोल्ड चाकावर बसायचे, मातीशी बोलायचे, आपल्याशी बोलायचे, आणि बोलता बोलता त्यांच्या हातांतून बरणी वर यायची. काय आवाज होता! अजूनही आहे. मघाशी महापौरांशी हवापाण्याबद्दल बोलत होते, तेही मला ऐकत राहावंसं वाटलं.

अडचण एवढीच होती, की श्री. पेनफोल्ड यांना चाकावर माती धरता येत नव्हती.

नाही, मी थट्टा करत नाही. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी मी तिथे होतो. चाक फिरलं, गोळा डगमगला, सुटला आणि थेट दिवेवाल्याच्या बुटावर जाऊन बसला. दुसरा गोळा खिडकीवर. संध्याकाळपर्यंत दिग्दर्शकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बोलणारा एवढा गोड माणूस पुन्हा कुठून आणायचा? शेवटी त्याने याच संस्थेत फोन केला. तेव्हा हे विद्यापीठ नव्हतं, साधं कला महाविद्यालय होतं, आणि त्याच्या भट्टीघरात हिल्डा क्रॅडॉक नावाची एक सहायिका होती.

हिल्डाचे वडील वीटभट्टीवर होते. बारा वर्षांची असल्यापासून ती विटा थापत आलेली. तिचा पंजा माझ्या दीडपट. दिग्दर्शकाने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “झकास! पुरुषी आहेत.”

हिल्डा म्हणाली, “साहेब, म्हशीचे दात बघितल्यासारखे बघू नका. काय करायचंय ते सांगा.”

करायचं होतं ते असं. पेनफोल्ड साहेबांचा सदरा तिने घालायचा, बाह्या तशाच दुमडायच्या. मेकअपची मुलगी डिंकाने तिच्या मनगटावर बारीक बारीक केस चिकटवायची. साहेबांची अंगठी तिच्या बोटात जाईना, म्हणून सोनाराकडून मागच्या बाजूने कापून आणली. मग ती चाकावर बसायची, आणि कॅमेरा फक्त कोपरापासून खाली. नंतर मी साहेबांचा चेहरा आणि हिल्डाचे हात जोडायचो. चेहरा, हात, चेहरा. सांधा कुणाला म्हणून दिसला नाही. त्या कामाचं मला बक्षीस मिळालं होतं. ते अजून भिंतीवर आहे. सकाळी निघताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

हिल्डाकडून एक कागद सही करून घेतला होता, की हे कधीही कुठेही बोलायचं नाही. तिने हसत हसत सही केली. “कोण विचारणारे मला?” म्हणाली.

बरणीचा गळा पुरा झाला की हिल्डा अंगठ्याने काठ किंचित आत दाबायची. त्याने एक खळी पडायची. ती खळी लोकांना फार आवडली. दुकानांतून तसल्या बरण्या यायला लागल्या. लोक त्याला ‘पेनफोल्ड खळी’ म्हणायला लागले. साहेबांच्या पुस्तकात या खळीवर एक अख्खं प्रकरण आहे. आपल्या ग्रंथालयात चार प्रती आहेत, आजच्या निमित्ताने बाहेर काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत.

अध्यक्ष महोदया घड्याळ दाखवताहेत. क्षमा असावी, मॅडम. सात मिनिटांत मानपत्र संपतं. हे संपत नाही.

त्र्याऐंशी साली इथे कुंभारकलेच्या विभागप्रमुखाची जागा निघाली. हिल्डाने अर्ज केला. मुलाखत घ्यायला तिघे होतो. तेव्हाचे प्राचार्य, ते आता हयात नाहीत. बाहेरचे तज्ज्ञ म्हणून श्री. ऑब्री पेनफोल्ड. आणि अध्यापकांचा प्रतिनिधी म्हणून मी. मला लागून चार महिने झाले होते, नोकरी कायम व्हायची होती, आणि मला इथे आणलं होतं पेनफोल्ड साहेबांच्या शिफारशीने.

हिल्डाने वर्तमानपत्रात गुंडाळून सहा बरण्या आणल्या होत्या. टेबलावर मांडल्या. साहेबांनी त्यातली एक उचलली, खळीत स्वतःचा अंगठा ठेवला, आणि आपण ऐकलाय त्याच आवाजात म्हणाले, “सुरेख आहे, मिस क्रॅडॉक. हात तयार आहे तुमचा. पण मला सांगा, यात तुम्ही कुठे आहात? मला तर सगळीकडे मीच दिसतोय.”

प्राचार्य हसले. त्यांना वाटलं, विनोद झाला.

हिल्डाने साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? तुम्ही संकलनाचे विद्यार्थी आहात, तुम्हाला सांगतो, चार सेकंद. पडद्यावर चार सेकंद फार होतात. तेवढ्या वेळात मी माझ्यासमोरच्या कागदावर तारीख लिहिली, आणि तिच्याखाली रेघ मारली.

“तसं दिसतंय खरं,” हिल्डा म्हणाली, आणि बरण्या पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली.

शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं, ‘कसब आहे. कल्पकता उसनी.’ खाली तीन सह्या. तिसरी माझी.

मी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेलो. का गेलो, माहीत नाही. ती वळली.

“लेन, तोंडात माती भरली होती का रे?”

मी म्हणालो, “हिल्डा, मी काय करणार होतो? तू सही करून दिली होतीस.”

“मी दिली होती,” ती म्हणाली. “तू कुठे दिली होतीस?”

मित्रहो, मी दिली नव्हती. मला कुणी सही मागितलीच नव्हती. मिठाची गुळणी मी माझ्या खुशीने धरली होती. पुढच्याच महिन्यात माझी नोकरी कायम झाली.

हिल्डा भट्टीघरात सहायिकाच राहिली. पुढची एकवीस वर्षं. जे प्रमुख नेमले ते तीन वर्षांत गेले, मग दुसरे आले, मग तिसरे. प्रत्येकाला भट्टी कशी पेटते ते हिल्डाने शिकवलं. वर्षाच्या सुरुवातीला नवी मुलं यायची, काठ दाबायची, आणि तिलाच सांगायची, “मिस, याला पेनफोल्ड खळी म्हणतात.” ती म्हणायची, “हो का? छान.” माझ्याशी एकवीस वर्षांत ती एकच वाक्य बोलली. “दार ओढून घे, वारा येतोय.”

तिचा निरोप समारंभ या सभागृहात नव्हता झाला. उपाहारगृहात झाला, दुपारच्या सुट्टीत. केक होता. अकरा मिनिटं चालला. आज पहिल्या दोन रांगांत बसलेले बरेच सहकारी होते तिथे. मीही होतो. कुणीच भाषण केलं नाही.

गेल्या महिन्यात हे मानपत्र माझ्या हाती आलं. ‘दहा बोटांनी’ हे वाचलं आणि मी हिल्डाकडे गेलो. खाडीपलीकडे तिचं लहानसं घर आहे, गाडीच्या शेडमध्ये तिने भट्टी घातली आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दार उघडलं, पण दारातच उभी राहिली.

“माफी मागायला आला असशील तर चहा मिळणार नाही,” म्हणाली.

मी म्हणालो, “परवानगी मागायला आलोय. त्यांचा सत्कार आहे. मला तिथे सगळं सांगायचंय.”

“परवानगी कसली मागतोस? तोंड तुझं. इतकी वर्षं मला विचारून बंद ठेवलं होतंस का?”

“तू येशील?”

“कशाला? ऑब्रीचं तोंड बघायला? ते मी टीव्हीवर पुष्कळ बघितलंय, माझ्याच हातांच्या वर.” मग दार लावता लावता म्हणाली, “आणि एक ऐक. तिथे मला बिचारी करू नकोस. मी बिचारी नव्हते, चिडलेली होते. अजून आहे. तुझ्यावर जास्त. तो तर आयत्या बिळावरचा नागोबा, त्याचा स्वभावच तो. तू कोण होतास?”

दार लागलं.

घरी आल्यावर मी माळ्यावरचे डबे काढले. संकलक कापलेले तुकडे फेकत नाही, ही आमच्या जातीची खोड. प्रक्षेपणाच्या खोलीत माझे जुने विद्यार्थी बसले आहेत. मॅडम, चाळीस सेकंदांची फिल्म आहे. आपण ‘नको’ म्हणताय हे मला दिसतंय. नंतर जी कारवाई करायची ती खुशाल करा. मुलांनो, लावा.

पाहा. हे हात सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. ती अंगठी, तो सदरा. बरणी वर येतेय, काठ दाबला, ही खळी. इथे मी कापायचो. आज कापलेलं नाही. आता कॅमेरा वर जातोय. तो चुकून गेला होता.

ही हिल्डा. तिशीतली. मनगटाचे केस ओढून काढतेय. ओठ वाचता येत असतील तर ती म्हणतेय, “खाजवतंय, मेल्यांनो, खाजवतंय.” हसा, हसायला हरकत नाही. तीही हसत होती तेव्हा. उजवीकडे खुर्चीवर कोण बसलंय, तेही पाहून घ्या. पाय पसरून, सिगारेट ओढत, नुसत्या बनियनवर.

दिवे लावा.

श्री. पेनफोल्ड, आपण काही बोललात. माझ्या शेजारच्या चार खुर्च्यांना ऐकू आलं, मागे पोचलं नसेल. मी सांगतो. साहेब म्हणाले, “हे तर सगळ्यांनाच माहीत होतं.”

खरं आहे. मला माहीत होतं. दिवेवाल्याला, मेकअपच्या मुलीला, अंगठी कापणाऱ्या सोनाराला माहीत होतं. पहिल्या दोन रांगांनो, तुम्हाला माहीत होतं, भट्टीघरात सगळी कुजबुज तुमच्यासमोरच व्हायची. आता माना खाली घालून कार्यक्रमपत्रिका वाचू नका, तिच्यात काही नाही. ज्या दिवशी हिल्डाच्या अर्जावर ‘कल्पकता उसनी’ असा शेरा बसला, त्या दिवशी या इमारतीत निदान दहा माणसं अशी होती, की ज्यांनी एक दार ढकललं असतं आणि दोन वाक्यं बोलली असती तर पुरे होतं. साहेब, आज या व्यासपीठावरून बोललेलं सगळ्यात खरं वाक्य आपलं आहे. त्याबद्दल आपला आभारी आहे.

बाकी आभार थोडक्यात मानतो. कुलगुरूंनी बोलायला दिलं, निदान मधेच उठून अडवलं नाही, त्यांचे आभार. प्रक्षेपण-खोलीतल्या मुलांचे आभार. त्यांना कुणी बोल लावू नये, त्यांनी गुरूची आज्ञा पाळली. माझं मानद प्राध्यापकपद सोडत असल्याचं पत्र सकाळी कार्यालयात दिलं आहे. फिल्मचे डबे ग्रंथालयात दिले आहेत, ज्याला पाहायचे त्याने पाहावेत.

बोलण्याच्या भरात उच्चार चुकले असतील, वेळ जास्त घेतला असेल, कुणाचा मान ठेवायचा राहून गेला असेल, तर म्हातारपण समजून पोटात घालावं. माझी खरी चूक मात्र तुमच्या पोटात घालण्याजोगी नाही. ती जिच्या बाबतीत झाली, तिने मला चहा दिला नाही, आणि ते बरोबरच केलं.

मानपत्र मी वाचलेलं नाही. ते या मेजावर ठेवतो. कुणाला वाचायचं असेल त्याने यावं.

कुणी?

मी खाली उतरतो.