चार चाकं, पाच शॉकर

सकाळचे सव्वानऊ, मानेसरच्या अलीकडे, हायवेची डावी कड. गाडी बंद. बंद म्हणजे, तुम्हाला सांगतो, क्लचवर पाय दिला, पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही, आणि शेजारी आमची कुमुद, मांडीवर चहाचा थर्मास, शांतपणे म्हणते, "झालं? आता तरी विका."

विका! चौदा वर्षं चार महिन्यांची गाडी हो... पेट्रोलच्या गाडीला आमच्या इकडे, दिल्लीच्या आसपास, पंधरा वर्षांची मुभा, म्हणजे उरले आठ महिने, आणि ते मला पुरे करायचे होते, कारण या एवढ्याशा गाडीतून मी अर्धा हरियाणा पालथा घालून बातम्या आणल्यात, तिला मुदतीआधी भंगारात घालू? कुमुदने अट घातली. ही शेवटची दुरुस्ती. यानंतर कुरकुर ऐकू आली, गाडीची किंवा माझी, तर सोमवारी भंगारवाला.

मग एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून आम्हाला ओढत ओढत नेलं जगतारसिंगांच्या गॅरेजात. आता या मेकॅनिक मंडळींची एक रीत आहे, बघा. बॉनेट उघडलं की गाडीचं नंतर, आधी मागच्या मेकॅनिकचा उद्धार! कंपनीच्या वर्कशॉपातला टायवाला, टॅबलेटवर बोट फिरवत, अगदी गोड आवाजात, "सर, ये किसने किया है?" पहाडगंजातला तो रेडिएटरवाला, विडी तोंडात तशीच, "ये किसने किया है?" अरे, मी तीस वर्षं मंत्र्यांना हाच प्रश्न विचारतोय, आणि तुम्ही मला विचारता?

जगतारसिंगांनीही विचारलं. पण मग, यार, त्या माणसाने एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक चालू इंजिनाला, मूठ कानाला, आणि डोळे मिटले... मी बोलायचा थांबलो. मी! डोळे उघडून म्हणाले क्लच प्लेट संपली, इंजिनाचं एक माउंटिंग फाटलंय, बेल्ट आज जातो की उद्या, आणि हळूच, "पत्रकारजी, इसको कभी पानी में चलाया था आपने." चालवली होती हो! दोन वर्षांपूर्वी, गुडघाभर पाण्यातून! कुमुदलासुद्धा सांगितलं नव्हतं! कुमुदने माझ्याकडे बघितलं. मी बेल्टकडे.

मग त्यांनी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला, तर गाडी पाळण्यासारखी डुलतच राहिली. चारही शॉकर गेले. शॉकर म्हणजे खड्ड्यांचे धक्के गिळतात ते, दर चाकाला एक. क्लचचे साडेसात हजार, शॉकरचे नऊ, बाकी धरून बावीस. आणि भंगारात अख्ख्या गाडीचे येतात पंचवीस! पण डोळे मिटून पाणी ओळखणाऱ्याशी घासाघीस कुठल्या तोंडाने करायची?

एक अट मात्र माझी. जुना पार्ट हातात दिल्याशिवाय पैसे नाहीत. पुरावा म्हणजे पुरावा. डिक्की मी स्वतः रिकामी केली, समोर स्टूल टाकून बसलो, दिवसभर हललो नाही. गॅरेजात दुसरी गाडी नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संध्याकाळी साडेपाचला जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, माझंच वर्तमानपत्र, जगतारसिंगांनी जुना माल मांडला. प्लेट. माउंटिंग. बेल्ट. शॉकर एक, दोन, तीन, चार... पाच.

मी मोजले. त्यांनी मोजले. कुमुदने उठून मोजले. पाचही एकाच चिखलाचे, एकाच गंजाचे, तेल गळून संपलेले! मी वही काढली आणि सवयीच्या आवाजात म्हणालो, जगतारजी, चाकं चार, खुलासा करा. पण तो माणूस, अहो, गाडीखाली आडवा झाला. बाहेर आला, पगडी सावरली, नव्या शॉकरची रिकामी खोकी मोजली. चार. आणि इतक्या खालच्या आवाजात म्हणाला, जसं काही गाडीला ऐकू जाईल,

"ये... किसने किया है?"

पहिल्यांदाच, तुम्हाला सांगतो, हा प्रश्न मला खरा वाटला. पाचव्याचा एक पैसा त्यांनी घेतला नाही. मला वाचवायला कुठे लावलेला होता तो, चौदा वर्षं?

गुरुग्रामला परत आलो. सोसायटीच्या दारातला तो गतिरोधक, ज्यावर आजवर आमचे दात वाजायचे, गाडी त्याच्यावरून लोण्यासारखी गेली. कुमुदने मुद्दाम कप भरून हातात धरला होता. थेंब सांडला नाही. मी म्हटलं, हरलो बाई, आठ महिन्यांसाठी बावीस हजार घातले, तू म्हणशील तर सोमवारी बोलवू त्याला.

"कुणाला?"

"भंगारवाल्याला."

"अहो, काहीतरीच काय," कुमुद म्हणाली. "तो पाचवा कुठून निघाला ते कळेपर्यंत गाडी हलायची नाही इथून."

आता रोज सकाळी आम्ही दोघं खाली उतरतो आणि चाकं मोजतो. चारच आहेत. पाचवा शॉकर माझ्या टेबलावर आहे, कागदांवर वजन म्हणून.